धान कापलं की नाट्यगृह उगवतं

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात. हलकं धान घरी आलेलं, भारी धानाचे कडपे अजून बांधीत वाळत पडलेले. ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एखाद्या रिकाम्या बांधीत सकाळी दहा-पंधरा पोरं फावडी, सब्बल आणि घमेली घेऊन उतरतात. दुपारपर्यंत बांधीच्या एका टोकाला मातीचा ओटा दिसू लागतो. संध्याकाळी कापडी कनाती लागतात, बांबूच्या दांड्यांवर दिवे चढतात, जनरेटर एकदा खोकून चालू होतो. रात्री दहाच्या सुमारास त्याच बांधीत दोन-तीन हजार माणसं मांडीला मांडी लावून बसलेली असतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं काय उरतं? चुरगळलेली तणस, शेंगांची टरफलं, चहाचे कागदी कप आणि मातीचा एक ओटा.

एकदा अशाच तयारीच्या वेळी मी नाटक भरवणाऱ्या गावच्या मंडळाच्या एका पोराला विचारलं, "इथं माणसं किती बसतील?" त्यानं फावडं न थांबवता उत्तर दिलं, "मोजून कोन बसवते भाऊ? सरकवून बसवतो." बहुउद्देशीय सभागृह बांधायचं म्हटलं की शहरांत पहिला प्रश्न आसनसंख्येचा असतो. त्या पोरानं तो एका वाक्यात निकाली काढला.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. झाडी म्हणजे जंगल. दंडार, खडी गंमत, डहाका अशा लोककलांच्या मातीत इथं एक रंगभूमी वाढली. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपणारा तिचा हंगाम धानाच्या वेळापत्रकावर चालतो. पीक निघालं की माणसाच्या हातात थोडा पैसा असतो, थोडा वेळ असतो आणि शेत रिकामं असतं. तिन्ही गोष्टी वर्षातून एकदाच एकत्र येतात, आणि त्या एकत्र आल्या की गावोगावी नाट्यगृह उगवतं. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या वेळी सरकारनं दिलेल्या माहितीत त्यांचे प्रयोग पाच हजारांहून अधिक आणि भूमिका आठशे असा उल्लेख होता. त्यातले बहुतेक प्रयोग उघड्यावरचे धरले, तर एका माणसाच्या आयुष्यात काही हजार नाट्यगृहं उभी राहिली आणि मोडली.

हे जमतं कसं, ते समजून घ्यायला आधी बांधी पाहायला हवी. धानाला पाणी साचवून ठेवावं लागतं, म्हणून शेतकरी जमीन तुकड्यातुकड्यानं सपाट करतो आणि प्रत्येक तुकड्याभोवती धुरा घालतो. इथं सपाटी पाण्यानं मोजलेली असते. बांधीच्या एका कोपऱ्यात पाणी जास्त उभं राहिलं, तर तिथली रोपं बुडतात. म्हणून पिढ्यानपिढ्या ती जमीन घासूनपुसून एका पातळीला आणलेली असते. चिखलणीनं मऊ झालेली तीच माती नोव्हेंबरच्या उन्हात वाळली की फरशीसारखी टणक होते. म्हणजे तळ तयार आहे, आणि चारी बाजूंच्या धुऱ्यांचं कुंपणही तयार आहे. शिवाय उतारावरच्या बांध्या पायरीपायरीनं वर चढत जातात, त्यामुळे मागची बांधी पुढच्या बांधीपेक्षा हात-दोन हात उंच असते. शहरात ज्याला बाल्कनी म्हणतात, ती इथं आजोबांच्या काळापासून आहे. तिच्यात फक्त धान लावलं जातं.

आता नजरेचं गणित. सपाट जमिनीवर बसलेल्या माणसाला पुढच्याचं डोकं आड येतं. प्रेक्षागृहं बांधणारे वास्तुरचनाकार यासाठी एक माप वापरतात. मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, ते हे माप. ते १२ सेंटिमीटर मिळालं तर दृश्य उत्तम, ९ मिळालं तर चांगलं, ६ मिळालं तर कसंबसं चालतं. डोळ्यापासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंटिमीटर असतं, म्हणून हा हिशेब. काँक्रीटच्या स्टेडियममधल्या पायऱ्यांची उंची याच काही सेंटिमीटरांवर ठरते आणि तिथूनच खर्च वाढत जातो.

झाडीपट्टीत हा प्रश्न फावड्यानं सुटतो. बऱ्याच गावांत प्रेक्षक बसतात तिथली जमीन रंगमंचाच्या दिशेनं उतरती खोदतात आणि निघालेल्या मातीचाच मंच करतात. एका घमेल्यात दोन कामं होतात. प्रेक्षक खाली जातो, नट वर येतो, माती कुठं नेऊन टाकावी लागत नाही आणि कुठून आणावीही लागत नाही. जिथं खोदत नाहीत, तिथं माणसांचाच उतार केला जातो. पुढं पोरंसोरं तणशीवर बसतात, त्यांच्यामागं मोठी माणसं चटईवर, त्यामागं जास्त तिकिटाच्या खुर्च्या, आणि सगळ्यांत मागं उभे राहणारे. सिनेमागृहाच्या चढत्या पायऱ्या काढून टाकल्या आणि माणसं उंचीप्रमाणं लावली, तरी काम भागतं.

जागा किती लागते? मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण अर्धा चौरस मीटर पुरतो. दोन हजार माणसांना एक हजार चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत दहा आर. पाव एकरात दोन हजारांचं प्रेक्षागृह! नागपूरच्या रेशीमबागेत २०१७ साली सुरू झालेल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात साधारण तेवढीच आसनं आहेत. फरक एवढाच, की तिथं खुर्ची ठरलेली असते, आणि इथं मावशी आली की चौघं सरकतात.

आवाजाची गोष्ट तर आणखी नवलाची. ग्रीसमधल्या एपिडॉरस इथं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात डोंगरउतारावर एक दगडी नाट्यगृह बांधलं गेलं. शेवटच्या पायरीवरही नटाचं बोलणं ऐकू येतं, अशी त्याची ख्याती आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली त्याचं एक कारण मांडलं. चुनखडीच्या त्या पायऱ्यांची रांग खालच्या पट्टीतला गोंगाट गाळून टाकते आणि माणसाच्या आवाजातला वरचा, स्पष्ट भाग पुढं जाऊ देते.

बांधीत दगड नाही, भिंत नाही. म्हणून घुमणंही नाही, कारण आवाज परतून यायला समोर काही नसतं. खाली अंथरलेली तणस उरलासुरला पडसाद पिऊन टाकते. आणि मग मदतीला येते हिवाळ्याची रात्र. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. निरभ्र थंड रात्री उलटं होतं. जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरचा थर तुलनेनं उबदार राहतो. गरम हवेत आवाज जोरात धावतो, गार हवेत हळू. या फरकामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडं येतो. म्हणून पौष महिन्यात दूरच्या गावातल्या नाटकाची पेटी आपल्या अंगणात ऐकू येते. लहानपणी आपल्याला वाटायचं, वाऱ्यानं आणली. खरं तर थंडीनं वळवून आणलेली असते.

माती गावाची, पण नाटक कुठून येतं? नदीपलीकडून, वडशाहून. कागदोपत्री त्याचं नाव देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यातलं हे रेल्वेचं गाव, गोंदिया-बल्लारशा मार्गावर ब्रह्मपुरीच्या शेजारचं. रेल्वे, बाजारपेठ आणि चारी जिल्ह्यांकडे फुटणारे रस्ते यांमुळे नाटक कंपन्यांनी इथंच बस्तान बसवलं. हंगामात इथं पन्नासाच्या आसपास मंडळ्यांची कार्यालयं गजबजलेली असतात. पुणे जिल्ह्यात तमाशाच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांत ठरतात, तशा या भागातल्या नाटकांच्या तारखा वडशाच्या दुकानवजा कार्यालयांत ठरतात. कंपनीची गाडी निघते तेव्हा तिच्यात नट, वादक आणि कपड्यांच्या पेट्याच नसतात. रंगवलेले पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा असं अर्धं नाट्यगृह तिच्यात असतं. उरलेलं अर्धं गाव उभं करतं. आज या गावात, उद्या त्या गावात. गाडी पोहोचली की दोन अर्धी एकमेकांना जोडायची, पहाटे सोडवायची.

आता खर्चाकडं वळू. मंडळातले दहा-वीस जण आपापसांत वर्गणी काढतात, वडशाला जाऊन तारीख धरतात, विसार देतात. मग रंगीत पत्रकं छापली जातात आणि भोंगा लावलेली गाडी आसपासची गावं पिंजून काढते. हिशेबाच्या सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, कंपनीचं मानधन, मंडप, वीज, प्रचार मिळून एक लाख रुपये लागले आणि तिकीट सरासरी साठ रुपये ठेवलं, तर खर्च निघायला १,६६७ माणसं हवीत. एवढी माणसं एका गावात नसतात. म्हणून मंडळ नाटकाआधी नातेवाइकांना कामाला लावतं. घरोघरी निरोप जातात, लेकी-जावई येतात, व्याही येतात, मामाच्या गावची पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. ज्या घरी त्या रात्री पाहुणे नाहीत, ते घर विरळाच. नफा झाला तर देवळाचा ओटा, समाजमंदिराचं छत किंवा पुढल्या वर्षीचं भांडवल. तोटा झाला तर मंडळातल्या पोरांनी वाटून घ्यायचा, आणि घरी बोलणी खायची.

या व्यवहारातला बारकावा पाहा. इथं इमारतीसाठी एक पैसाही अडकून पडत नाही. जागेचं खरं काम धान पिकवणं हेच. एका रात्रीपुरती ती नाट्यगृह होते. मोठ्या सभागृहांचं दुखणं नेमकं उलटं असतं. कार्यक्रम असो वा नसो, वीज, झाडलोट, पहारा, दुरुस्ती आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. कॅनडातल्या माँट्रियल शहरानं १९७६च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं. त्याचं देणं फिटायला २००६ साल उजाडलं. तोवर त्या स्पर्धेत धावलेल्या खेळाडूंना नातवंडं झाली असतील. आता जगही तात्पुरतं बांधायला शिकू लागलं आहे. लंडनमध्ये २०१२च्या ऑलिंपिकसाठी बारा हजार प्रेक्षकांचं बास्केटबॉलचं सभागृह उभारलं, ते स्पर्धेनंतर मोडण्यासाठीच. कतारनं २०२२च्या फुटबॉल विश्वचषकासाठी मालवाहू कंटेनर वापरून एक स्टेडियम रचलं आणि कंटेनरच्या संख्येवरूनच त्याला ९७४ हे नाव दिलं. सुटं करता येणारं स्टेडियम म्हणून जगभर त्याची वाखाणणी झाली. झाडीपट्टीतल्या कुणी ती बातमी वाचली असेल, तर त्याला एकच शंका आली असेल: खेळ संपल्यावर तिथं पेरतात काय?

पक्कं बांधकामही झटपट होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याकडंही आहे. तिकिटांच्या वाट्यावरून ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबशी बिनसलं, तेव्हा मुंबई क्रिकेट असोसिएशननं जवळच आपलं स्वतंत्र स्टेडियम बांधायला घेतलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धचा कसोटी सामना तिथं खेळवलाही. ज्यांच्या नावानं ते ओळखलं जातं, ते शेषराव वानखेडे विदर्भातलेच. वर्षभरात स्टेडियम उभं राहिलं याचं आजही कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण ते उभं राहू शकलं, कारण मुंबईत क्रिकेटला येणारी माणसं आधीपासून होती. भांडणच मुळी खुर्च्या कोणाला किती मिळाव्यात यावरून झालं होतं.

बहुउद्देशीय म्हणायचं तर झाडीपट्टीच्या शिवारापुढं कुणी टिकणार नाही. मंडईचा बाजार तिथंच भरतो, दंडार तिथंच नाचते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, हे जुनं समीकरण. दिवसभर पटावर बैलांच्या जोड्या धावायच्या, बाहेरगावची माणसं मुक्कामाला थांबायची आणि रात्री तीच माणसं नाटकाची तिकिटं काढायची. एका गर्दीत दोन खेळांचा खर्च निघायचा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पट तर थांबलेच, पण त्यांच्या आधारानं भरणाऱ्या नाटकांचीही एक बाजू लंगडी झाली. पुढं महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती वैध ठरवल्यावर पटांचा मार्ग कायमचा मोकळा झाला. आणखी एक उपयोग पत्रकावर छापत नाहीत. पाहुणे जमतात, उपवर पोरीपोरांची घरं एकमेकांच्या नजरेस पडतात, सकाळच्या चहाला बोलणी निघतात. किती लग्नं नाटकाच्या रात्री जुळली, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण कुठल्याही गावात विचारलं तर दोन-चार जोड्या बोटानं दाखवतील.

हे सगळं गोडच आहे, असं मात्र नाही. अवकाळी पाऊस आला की मंडळाचे पैसे बांधीतच भिजतात. हजारो माणसांत शौचालयाची सोय कुठं असते, कुठं नसते, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास बायकांना होतो. कलावंत बायकांना कपडे बदलायला कनातीमागचा आडोसा, डिसेंबरच्या गारठ्यात, वर्षानुवर्षं. कोरडी तणस, लोंबत्या वायरी आणि बिडीचं थोटूक ही तिन्ही एकाच ठिकाणी असतात, हे आठवलं की अंगावर काटा येतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणं उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हवा. नाटकाची वेळ नेमकी तीच. वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती सूट सरकार देऊ शकतं, पण हंगाम चार महिन्यांचा, त्यामुळे परवानगीची टांगती तलवार असतेच. कोरोनाच्या काळात तर गर्दी हाच गुन्हा झाला आणि कलावंतांच्या चुली थंडावल्या. शिवाय ब्रह्मपुरी वनविभागात वाघ अभयारण्याच्या हद्दीत बसून राहत नाहीत. ते गावांच्या शेजारी राहतात. नाटक पहाटेपर्यंत चालण्यात तेवढा शहाणपणा आहेच. मध्यरात्री संपलं असतं, तर लोक अंधारातून जंगलाच्या वाटेनं घरी गेले असते. आता उजाडताना जातात, घोळक्यानं जातात.

म्हणून ब्रह्मपुरीत किंवा वडशात पक्कं नाट्यगृह हवं का? माझ्या मते हवं. तालमीला, पडदे-कपडे ठेवायला, जुन्या संहिता जपायला, नव्या पोरांना शिकवायला, आणि पावसाळ्यात खेळायलाही. पण ते बांधणाऱ्यांनी आराखडा काढण्याआधी हंगामातल्या दोन रात्री तणशीवर काढाव्यात. तिथं त्यांना कळेल, की पुढची जागा जमिनीवर बसणाऱ्या पोरांची असते, खुर्च्यांच्या मधे हातांची आडकाठी नको, आणि लेकराला मांडीवर झोपवून पाच तास बसणाऱ्या बाईला पाय पसरायला जागा लागते. कलावंत बायकांसाठी दार लागणारी खोली आणि प्रेक्षक बायकांसाठी पाणी असलेली शौचालयं आधी बांधावीत, संगमरवरी प्रवेशद्वार नंतर. आणि खर्चाचा पहिला रुपया ज्यांनी नाटक पाहायला यायचं, त्यांच्या खिशातून निघालेला असावा, मग तो अगदी नाममात्र का असेना. वर्गणी दिलेला माणूस सभागृहाला कुलूप लागू देत नाही.

गावोगावच्या बांध्या मात्र त्यामुळे रिकाम्या पडणार नाहीत. सगळं गाव उचलून ब्रह्मपुरीच्या सभागृहात नेता येत नाही; नाट्यगृह उचलून गावात नेता येतं.

तुम्हाला पाहायचं असेल, तर डिसेंबर-जानेवारीत या. ब्रह्मपुरीला किंवा वडशाला रेल्वेनं उतरा. कुठल्या गावात कोणतं नाटक, हे चौकातल्या पानठेल्यावर विचारा किंवा भोंग्याच्या गाडीमागं जा. या नाट्यगृहाला पत्ता नसतो. जेवण करून निघा, तिकीट जमिनीचं काढा. बसायला एक पोतं आणि पांघरायला घोंगडी मात्र आपली आपण न्यायची. पहाटे तीननंतर दव पडतं.